क्रिकइन्फोच्या आजच्या आणि उद्याच्याही मालकांना खुलं पत्र

नमस्कार,

पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडलो, की तुम्ही नक्की कोण? क्रिकेटच्या स्कोरची ही साइट ईएसपीएनची हे नावातच आहे, ईएसपीएनमध्ये सगळ्यात मोठा वाटा डिस्नेचा, थोडा हर्स्टचा, आणि डिस्ने म्हटलं की आपल्याकडे लगेच जिओस्टार आठवतं आणि जिओस्टार म्हटलं की रिलायन्स. आता यातल्या कुणाला महोदय म्हणायचं? म्हणून सरळ मालक लिहिलंय. आज जे असतील ते, आणि उद्या साइट विकली गेली तर जे कोण येतील तेही. खरं तर दुसऱ्यांनी जास्त नीट वाचावं.

मी कोण म्हणाल तर कुणीच नाही, पंचवीसेक वर्षांचा वाचक. मार्च २००१ मध्ये पुण्यात एका छोट्या कंपनीत नुकताच लागलो होतो. ऑफिसात टीव्ही नाही, रेडिओ लावला की साहेब केबिनमधून बाहेर येणार. आम्ही सात जण आणि नेट असलेलं मशीन एकच, तेही डायल-अप, कुणी फोन उचलला की गेलं. कोलकात्याची टेस्ट चालू होती, तीच. १४ मार्चला सकाळी फॉलोऑननंतर आपण ४ बाद २५४, अजून २० रन मागेच, लक्ष्मण आणि द्रविड खेळतायत. मला त्या मशीनसमोर बसवलेलं आणि काम एकच, क्रिकइन्फोचं पान रिफ्रेश करणं. पान वरून खाली सावकाश उतरायचं, आधी जाहिरातीचा पट्टा, मग निळ्या लिंका, मग स्कोर, मग एकेका बॉलची ओळ. अकाउंट्सच्या काकू दर वीस मिनिटांनी विचारायच्या, "गेला का रे?" आणि मी म्हणायचो नाही. पान उघडायला जरा जास्त वेळ लागला की पोटात गोळा यायचा, की गेली बहुतेक विकेट, म्हणूनच अडकलंय. दिवसभर "गेला का रे" आणि "नाही". संध्याकाळी ४ बाद ५८९. ३३५ रन आणि एकही विकेट नाही. त्या दिवसाचा एकही शॉट मी पाहिला नव्हता, सगळा वाचला होता, आणि नंतर हायलाइट्स पाहिले तेव्हा खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यातला लक्ष्मण जास्त भारी खेळला होता.

दुसऱ्या दिवशी, १५ मार्चला, आपण मॅच १७१ रननी जिंकली. खूप वर्षांनी कळलं की १५ मार्च हा क्रिकइन्फोचाच वाढदिवस.

तुमच्या दुकानाचा जन्मदाखला तुम्हाला माहीत असेलच, पण मालक बदलत गेले की नव्याला जुनं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. १९९३ साली अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत रिसर्च करणाऱ्या सायमन किंग नावाच्या इंग्लिश माणसाने हे सुरू केलं. कारण काय, तर तिकडे बसून क्रिकेटचा स्कोर कळत नव्हता. बस. तेव्हा आयआरसी नावाचं चॅट होतं, त्यातल्या क्रिकेटच्या चॅनेलवर ज्याच्याकडे रेडिओ किंवा टीव्हीवर मॅच लागायची तो टाइप करायचा आणि बाकी सगळे जगभरातून वाचत बसायचे. किंगने तिथे एक बॉट बसवला, त्याला विचारलं की तो स्कोर सांगणार. मग ते गोफरवर, म्हणजे वेबच्या आधी नेटवर माहिती वाचायची जी सोय होती तिच्यावर आलं, मग वेबवर. आणि हे चालवणारे लोक कोण, तर युनिव्हर्सिटीत शिकणारी पोरं. भारतातली, पाकिस्तानातली, श्रीलंकेतली, ऑस्ट्रेलियातली, जी दिवसा लॅबमध्ये आपल्या गाइडला तोंड द्यायची आणि रात्री जागून कुठल्यातरी शारजाच्या वनडेचा स्कोर टाइप करायची. बद्री शेषाद्री तेव्हा कॉर्नेलला होते, ते या सुरुवातीच्या गोतावळ्यातले, पुढे भारतात येऊन त्यांनी तमिळ पुस्तकांची प्रकाशनसंस्था काढली. सुरुवातीला पगार कुणालाच नव्हता. आणि ही मंडळी फक्त चालू मॅच टाइप करून थांबली नाहीत, पुस्तकांतून जुनी स्कोरकार्डं काढून एकेक करून भरत गेली. पुढे ट्रॅव्हिस बसेवीने स्टॅट्सगुरू बनवलं, साइटवरचं आकडेवारी शोधायचं यंत्र, ज्याच्यावर आज अर्धं क्रिकेट जग भांडतं. २०२२ मध्ये तो गेला. स्टॅट्सगुरूवर सर्च मारणाऱ्या दहातल्या नऊ जणांना त्याचं नाव माहीत नसेल.

हे सगळं सांगायचं कारण, तुम्ही जे विकत घेतलंय त्यातला सगळ्यात किमती माल असा फुकट जमलेला आहे.

मग आला पैसा. डॉटकॉमचा काळ आठवतोय का? नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेतलं, ज्यात समाचार, खोज, बावर्ची होतं आणि खेळांसाठी 'खेल' नावाची साइट पण होती. आकडा ऐकून आमच्या वडिलांनी चष्मा काढून पेपर परत वाचला होता, "म्हणजे यांच्याकडे कारखाना वगैरे काहीच नाही?" त्याच सत्यम इन्फोवेने, म्हणजे सिफीने, २००० साली क्रिकइन्फोचा २५ टक्के हिस्सा ३.७५ कोटी डॉलरला घेतला. म्हणजे पूर्ण साइटची किंमत झाली १५ कोटी डॉलर, सात वर्षांपूर्वी चॅटवरच्या बॉटपासून सुरू झालेल्या गोष्टीची! डोक्यात हवा जाणारच. २००१ ची इंग्लंडची काउंटी चॅम्पियनशिप क्रिकइन्फोच्या नावाने झाली, टायटल स्पॉन्सर, यॉर्कशायर जिंकली. ज्या वेबसाइटला स्कोर द्यायचा होता तिने स्पर्धेलाच नाव दिलं. आणि तोपर्यंत बुडबुडा फुटलेला होता.

२००३ मध्ये विस्डेनने घेतलं. १८६४ पासून दरवर्षी क्रिकेटचं ते जाडजूड, आता पिवळ्या कव्हरचं पुस्तक काढणारे लोक. माझ्या मते सगळ्यात शोभणारं लग्न तेच होतं, एकाकडे इज्जत आणि दुसऱ्याकडे वाचक. पण ते चारच वर्षं टिकलं. जून २००७ मध्ये ईएसपीएन आलं आणि काही वर्षांत नावाच्या पुढे ती चार अक्षरं लागली.

आता इथे मला थोडं थांबायचंय. ईएसपीएनने घेतलं तेव्हा ईएसपीएन स्टार स्पोर्ट्स नावाची जी कंपनी होती, जिच्यात ईएसपीएनचा अर्धा वाटा होता, तिच्याकडे २००७ ते २०१५ चे आयसीसीचे प्रक्षेपण हक्क होते, १.१ अब्ज डॉलरचे. म्हणजे वर्ल्ड कप दाखवणाऱ्याचाच भाऊ वर्ल्ड कपची बातमी देणार. तेव्हा आम्हा वाचकांपैकी कितीजणांना हे माहीत होतं? मला तरी नव्हतं. २०१२ मध्ये ईएसपीएन त्या भागीदारीतून बाहेर पडलं आणि तेवढ्यापुरता विषय मिटला.

मग २०१९ ला डिस्नेने फॉक्सचा बराचसा कारभार घेतला, त्यात स्टार इंडिया आलं, आणि चक्र फिरून तिथंच. २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला, एकूण ४८,३९० कोटी, भारतातलं टीव्ही डिस्नेच्या स्टारकडे आणि डिजिटल रिलायन्सच्या वायकॉम१८ कडे. एकमेकांविरुद्ध बोली लावली दोघांनी. आणि दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, दोघं एकाच घरात, ७०,३५२ कोटींची जिओस्टार, तिच्यात डिस्नेचा वाटा ३६.८४ टक्के. आयपीएल तिथे, आपल्या घरच्या मॅचेस तिथे, आणि रिलायन्सची मुंबई इंडियन्स आहेच. आता समजा उद्या क्रिकइन्फोवर बातमी आली की पुढच्या हक्कांची किंमत पडणार, किंवा आयपीएलचे सामने वाढवायला हवेत, किंवा टेस्ट बघायला कुणी येत नाही, तर ती कुठल्या घरातून आलीय हे मला ठाऊक नको?

मी असं अजिबात म्हणत नाहीये की कुणी फोन करून बातमी थांबवली. उलट २०१४ मध्ये भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या बोर्डांनी आयसीसीचा कारभार आपल्याकडे ओढायचा घाट घातला तेव्हा त्याचं इथूनतिथून सगळं मी तुमच्याकडेच वाचलं, आणि ते वाचून कुठल्याच बोर्डाला आनंद झाला नसेल. तुमची एडिटोरियल माणसं ताठ आहेत. पण माणसं रिटायर होतात हो. माणसांच्या भरवशावर किती दिवस काढायचे? म्हणून माझं पहिलं मागणं अगदी बिनखर्चाचं आहे, जिथे बातमी प्रक्षेपण हक्कांची, बोर्डाच्या पैशाची किंवा तुमच्या नात्यातल्या कंपनीची असेल तिथे खाली एक ओळ टाका की आमच्या मालकांचा यात अमुक संबंध आहे. कधीमधी कुठे लिहिलं असेलही, मी म्हणतोय प्रत्येक वेळी आणि ठरलेल्या जागी. शेअर बाजारावर सल्ला देणारा माणूससुद्धा टीव्हीवर सांगतो की हा शेअर माझ्याकडे आहे.

शेजारी काही वेगळं आहे असंही नाही. क्रिकबझ २००४ मध्ये तिघा मित्रांनी सुरू केलं, २०१४ मध्ये टाइम्स इंटरनेटने त्यात मोठा हिस्सा घेतला, अमेरिकेत क्रिकेट दाखवणारं विलो पण त्यांच्याच घरात गेलं. म्हणजे भारतातला माणूस स्कोर बघायला जी दोन ॲप उघडतो ती दोन्ही मॅच दाखवणाऱ्यांच्या भावकीतली. (क्रिकबझचं एक मात्र मानलं पाहिजे. स्टारने त्यांना कोर्टात ओढलं होतं, की बोर्डाने मोबाइलवर स्कोर द्यायचे हक्क आम्हाला विकलेत, तुम्ही एसएमएसने स्कोर कसा पाठवता. दिल्ली हायकोर्टात आधी निकाल लागला की स्कोर पंधरा मिनिटं उशिरा द्या, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये डिव्हिजन बेंचने तो फिरवला. मॅचमध्ये काय घडलं ही माहिती आहे, ती कुणाच्या मालकीची नाही, असा त्याचा साधा अर्थ. तेव्हा जे हक्क सांगत होते आणि आज जे तुमचे नातेवाईक आहेत त्यांची नावं ताडून बघा, करमणूक होईल.)

दुसरं मागणं जरा मोठं आहे, आणि खरं पत्र त्यासाठीच लिहितोय.

डेडस्पिन नावाची अमेरिकन साइट आठवते का? २००५ ची, गॉकर मीडियाची, खेळांवर तिखट आणि मनमोकळं लिहिणारी. २०१६ मध्ये गॉकर दिवाळखोरीत गेलं आणि युनिव्हिजनने घेतलं, २०१९ मध्ये एका प्रायव्हेट इक्विटी फर्मने घेतलं, आणि नव्या मालकांनी फतवा काढला की फक्त खेळांवर लिहा, बाकी तोंड उघडू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका डेप्युटी एडिटरला काढलं आणि दोन-चार दिवसांत झाडून सगळ्या स्टाफने राजीनामे दिले. मालकाकडे काय उरलं, नाव आणि डोमेन. मार्च २०२४ मध्ये ते पण माल्टाच्या एका कंपनीला विकलं आणि होते नव्हते त्या नव्या लोकांनाही घरी पाठवलं. राजीनामे दिलेल्यांनी मात्र २०२० मध्ये डिफेक्टर काढली, मालक स्वतः लिहिणारेच, आणि ती चालू आहे.

हे अमेरिकेत झालं म्हणून मी दुरून बघत होतो असं नाही. एका देशी पोर्टलवर मी तीनेक वर्षं रणजी आणि कबड्डीवर लिहायचो, नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही कारण ते आता नाहीच. मालक बदलला, आम्हाला एक गोड मेल आला की काहीही बदलणार नाही, आणि एका सकाळी मी माझ्याच जुन्या लेखाची लिंक कुणाला तरी पाठवली तर तिथे उघडलं काय, आजच्या मॅचसाठी फँटसी टीम कशी लावावी. सव्वाशेच्या वर लेख होते. त्यात एका जुन्या रणजी अंपायरशी दोन तास बसून मारलेल्या गप्पा होत्या, तो माणूस आता हयात नाही. माझ्याकडे कॉपी नाही, चूक माझीच, पण तेव्हा वाटायचं की नेटवर आहे म्हणजे आहेच. पाण्यात लिहिल्यासारखं झालं.

आणि म्हणून क्रिकइन्फो विकायची चर्चा असो नसो, मालक बदलल्याची कुठलीही बातमी वाचली की मी पहिल्यांदा एक ठरावीक पान उघडून बघतो, आहे ना जागेवर. १६ ते १८ डिसेंबर १९४८, पूना क्लबचं ग्राउंड, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. के. व्ही. भांडारकर २०५, आणि बी. बी. निंबाळकर नाबाद ४४३. दोघांची दुसऱ्या विकेटची भागीदारी ४५५. ब्रॅडमनचा तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड ४५२, भाऊसाहेब निंबाळकरांना हवे होते फक्त १० रन. आणि ब्रेकमध्ये काठियावाडच्या कॅप्टनने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सांगितलं की डाव घोषित करा नाहीतर आम्ही घरी चाललो. रेकॉर्डच्या पुस्तकात आपल्या टीमचं नाव नको म्हणून! गेले. मॅच सोडून दिली. निंबाळकरांना पुढे एकही टेस्ट खेळायला मिळाली नाही, २०१२ मध्ये ते गेले. आणि गंमत अशी की पुढे हनीफने ४९९ केले, लाराने ५०१ केले, आणि काठियावाडचं नाव मात्र अजून लोक घेतात, मॅच सोडून पळाले म्हणून. खेळत राहिले असते तर एव्हाना कुणाला आठवलंही नसतं.

आता त्या पानाला दिवसाला किती क्लिक येत असतील? चार? त्यातले दोन माझे धरा. जाहिरातीचे पैसे शून्य. उद्या कुणी एमबीए झालेला माणूस एक्सेल उघडून बसला की कुठली पानं ठेवायला परवडतात, तर हे पान पहिल्या झटक्यात जाईल. आणि तसंच १९५०-५१ मधल्या होळकर विरुद्ध गुजरातचं, आणि तसंच कुठल्या तरी वूमेन्स टेस्टचं जिचे फोटोसुद्धा नाहीत. ही सगळी कार्डं तुम्ही बनवलेली नाहीत, तुमच्या आधीच्या मालकानेही सगळी बनवलेली नाहीत. कुणीतरी रात्री जागून पुस्तक मांडीवर घेऊन टाइप केलीत, त्यातली कितीतरी मालक नावाची भानगड सुरू व्हायच्या आधीची आहेत. तुम्ही कायद्याने मालक असाल, मला त्यावर भांडायचं नाही, पण घर विकत घेतल्यावर अंगणातली विहीर गावाची असेल तर ती बुजवताना गावाला विचारतात ना.

तेव्हा एवढं करा. एक, सगळ्या स्कोरकार्डांची एक कॉपी बाहेर कुठेतरी ठेवा, एखाद्या लायब्ररीत, युनिव्हर्सिटीत, जिथे तुमचा धंदा चालो न चालो ती वाचता येईल, आणि दरवर्षी अपडेट करा. आणि साइट विकताना करारात लिहून घ्या की हा भाग फुकट आणि खुला राहील, पेवॉलच्या मागे जाणार नाही आणि बेटिंगवाल्यांच्या हातात जाणार नाही. लेख, व्हिडिओ, पॉडकास्ट, त्याला लावा पैसे, मी भरीन, लिहिणाऱ्यांना पगार मिळायला पाहिजे, अनुभवाने सांगतोय. स्कोरकार्ड सोडा.

आणि ज्यांनी सुरुवातीच्या वर्षांत फुकट टाइप केलं त्यांच्या नावांचं एक पान करा. नीट यादी, देशासकट, जेवढी मिळतील तेवढी. बरीचशी मंडळी आता साठीकडे झुकली असतील, कुणी प्रोफेसर, कुणी डॉक्टर, कुणी नातवंडांना सांगत असेल की मी क्रिकइन्फोवर स्कोर टाकायचो आणि नातवंडांचा विश्वास बसत नसेल. आत्ता विचारलं तर नावं मिळतील. आणखी दहा वर्षांनी विचारायला जाल तर कुणाला विचाराल?

तुमच्याकडे वकील आहेत, स्ट्रॅटेजीवाले आहेत, ते म्हणतील एका वाचकाने मागितलं म्हणून काय द्यायचं. बरोबर आहे त्यांचं. फक्त त्यांना एवढं विचारा की ईएसपीएनने २००७ मध्ये पैसे मोजले ते कशासाठी? ऑफिसातल्या खुर्च्यांसाठी तर नाही. आम्ही रोज येतो म्हणून मोजले. आणि आम्ही यायला लागलो ते या कार्डांमुळे.

उत्तर मला पाठवायची गरज नाही, पत्ताही देत नाहीये. 'आमच्याबद्दल' म्हणून जे पान असतं तिथे दोन ओळी टाका, मी तिथे जाऊन बघत जाईन. पान रिफ्रेश करायची सवय आहे मला, ३३५ रन होईपर्यंत केलंय.

कळावे,
एक जुना वाचक